सगळ्या पीडीएफ सारख्याच दिसतात: जमिनीच्या कागदांसाठी आयकॉन कसे आखावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. जमिनीचे दावे आणि खरेदी-विक्रीची कामे पाहणारे एक वकिली कार्यालय आहे. जुनी बाडे स्कॅन करून झाली आहेत. एखाद्या प्रकरणाचे फोल्डर उघडले की तीस-चाळीस फायली दिसतात आणि सगळ्यांवर तेच लाल पीडीएफचे चित्र. सातबारा कुठला, खरेदीखत कुठले, सहीची प्रत कुठली आणि नुसता मसुदा कुठला, हे फाईल उघडल्याशिवाय कळत नाही. कार्यालय आता ब्राउझरमध्ये चालणारी स्वतःची छोटी दस्तऐवज-प्रणाली करून घेत आहे. कागदाचा प्रकार, तारीख, पानांची संख्या, प्रत कोणाकडून आली आणि ती वाचून झाली की नाही, एवढे सगळे आयकॉनवरच दाखवता येईल का?

दाखवता येईल, पण दाखवू नका. कार्यालयीन सॉफ्टवेअरसाठी मी बरीच वर्षे आयकॉन आखतो आहे. जे संच लोकांच्या अंगवळणी पडले, त्यांतला प्रत्येक आयकॉन एका नजरेत एका प्रश्नाचे उत्तर देत होता, फार तर दोन. म्हणून रेखाटायला बसण्याआधी फोल्डर उघडणारा माणूस काय शोधत असतो ते पाहा. 'त्या गटाचा ताजा सातबारा काढा' असा निरोप आला म्हणून कारकून शोधतो. सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या मालकी हक्काच्या शोधाचा अहवाल, लिहिणारा ज्युनियर तीस वर्षांचे फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, एकामागून एक उघडत असतो. सुनावणीच्या आदल्या दिवशी सीनियरना नोंदणीकृत खरेदीखत हवे असते. तिघांचा पहिला प्रश्न एकच, हा कागद कोणता? दुसरा प्रश्नही एकच, या प्रतीवर भरवसा ठेवता येईल का? पानांची संख्या कोणी शोधत नाही. तारीख शोधतात, पण ती आकड्यांतच वाचायची असते, आणि आकड्यांची जागा नावात किंवा शेजारच्या स्तंभात आहे.

यातून वाटणी ठरते. आतली आकृती कागदाचा प्रकार सांगेल. पानाचा रंग आणि भरीवपणा प्रत कुठून आली ते सांगेल. एका कोपऱ्यात, गरज पडली तरच, एक खूण येईल. बाकी सगळे स्तंभात. एका माध्यमावर दोन अर्थ लादले की वाचणाऱ्याला दर वेळी मनात हिशेब करावा लागतो आणि मग तो आयकॉनकडे पाहणेच सोडून देतो.

पहिल्या पानाचे छोटे चित्रच आयकॉन म्हणून दाखवले तर, असा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. फोटोंसाठी ते उत्तम आहे. मॅकवर २००७ साली फाईल न उघडता आतले दाखवणारे क्विक लुक आले तेव्हापासून लोकांना त्याची सवयही झाली आहे. पण जमिनीच्या कागदांत ते फार थोड्या ठिकाणी कामाला येते. दोन वेगवेगळ्या गटांचे सातबारे छोट्या चित्रात तंतोतंत सारखे दिसतात, कारण दोन्ही एकाच छापील नमुन्यावरचे तक्ते आहेत. फेरफाराचेही तसेच. उलट मुद्रांकावर केलेले जुने खरेदीखत वरच्या नक्षीमुळे लांबूनही ओळखू येते आणि मोजणीची 'क' प्रत, म्हणजे जमिनीच्या मोजणीचा नकाशा, तिच्या वेड्यावाकड्या सीमारेषांवरून. माझा नियम असा: ज्या कागदाचे रूप प्रत्येक वेळी वेगळे असते त्याचे पूर्वदृश्य दाखवावे, ज्याचे रूप नमुन्याने बांधलेले आहे त्याला चिन्ह द्यावे. तुमच्या संग्रहात नमुनाबद्ध कागदच जास्त असणार. तेव्हा यादीत चिन्हे ठेवा आणि पूर्वदृश्य माऊस नेल्यावर, मोठ्या आकारात, उघडू द्या.

आता रेखाटन. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा.

यादीच्या दृश्यात आयकॉन १६ बाय १६ ठिपक्यांचा असतो. स्क्रीनवर सगळे दीडपट-दुप्पट मोठे करून दाखवले जात असेल तर २४ किंवा ३२ मिळतात, पण कार्यालयांतले जुने मॉनिटर गृहीत धरून १६ वर उभे राहील असेच काढा. उभ्या पानाला रुंदी मिळते १२ ठिपके. दोन्हीकडची कड गेली, आत एकेक ठिपका मोकळा सोडला, की हाती उरतात ८ बाय १२. उजवा वरचा कोपरा दुमडलेला दाखवायचा तर त्यातलेही काही जातात. दुमडलेला कोपरा ठेवावा असेच मी म्हणेन, कारण १९८४ च्या मॅकिंटॉशपासून तो 'हा कागद आहे, प्रोग्रॅम नव्हे' हे सांगत आला आहे आणि वापरणाऱ्याला ते शिकवावे लागत नाही. त्या मॅकसाठी सुझन केअर यांनी ३२ बाय ३२ मध्ये, नुसत्या काळ्या-पांढऱ्यात, आयकॉन काढले. प्रत्येक ठिपक्याला काम नेमून दिल्याशिवाय तिथे भागतच नव्हते. तीच शिस्त तुम्हाला १६ साठी लागेल. मोठा आयकॉन काढून तो आक्रसू नका. १६ चा हाताने वेगळा काढा, ३२ चा वेगळा, आणि ४८ च्या पुढे एकच एसव्हीजी, म्हणजे कितीही मोठे केले तरी न फाटणारे रेखाचित्र, चालेल.

या ८ बाय १२ मध्ये देवनागरी शब्द बसत नाही. शिरोरेषेला एक ओळ, वरच्या मात्रा-वेलांट्यांना दोन-तीन, खालच्या उकारांना दोन, आणि मधल्या अक्षराला उरलेले. एकटा 'ख' सात ठिपके रुंदी खातो. पण देवनागरी अंकांना शिरोरेषा नसते आणि मात्राही नसतात. पाच-सहा ठिपक्यांत '७' किंवा '८' स्वच्छ ओळखू येतो. आणि महसुली कागदांची नावेच मुळी अंकांत आहेत: सातबारा, आठ-अ, नमुना सहा (फेरफारांची नोंदवही), इंडेक्स टू (नोंदणीकृत दस्ताचा गोषवारा). ही सोय इतर क्षेत्रांत मिळत नाही, तिचा पुरेपूर फायदा घ्या.

तरीही अंकांच्या आधी कागदाची मांडणी वापरून पाहा, कारण रोज हाताळणाऱ्याच्या डोळ्याला मांडणी अंकांहून लवकर ओळखू येते. पारंपरिक सातबाऱ्यात वर गाव नमुना सात, म्हणजे अधिकार अभिलेख, आणि खाली गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंद. पानाच्या मधोमध एक आडवी जाड रेघ मारा, वर दोन-तीन साधे ठोकळे, खाली बारीक चौकटी. एवढ्यावर हा कागद ओळखता येतो. ३२ च्या आकारात वरच्या भागात '७' आणि खालच्या भागात '१२' घाला.

फेरफाराचा आयकॉन काढायला मला सर्वांत आवडतो. फेरफार मंजूर झाला की जुन्या खातेदाराच्या नावाला कंस होतो आणि नवे नाव लागते. तर पानावर वर दोन कंसांत एक फिकट आखूड रेघ, खाली एक ठळक लांब रेघ. महसुली कामातल्या कोणालाही याचा अर्थ सांगावा लागू नये. बाण, वर्तुळाकार चक्र वगैरे जी 'बदल' दाखवणारी तयार चिन्हे संचांतून मिळतात ती इथे घेऊ नका. ती 'पुन्हा लोड करा' असे सुचवतात.

आठ-अ ही एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींची यादी. वर एक जाड रेघ, खाली चार बारीक रेघा, आणि जागा पुरली तर '८'. खरेदीखताला पानाचा वरचा एक तृतीयांश भाग पूर्ण भरलेला ठेवा, मुद्रांकासारखा. हल्लीची बरीच खते ई-चलन भरून साध्या कागदावर होतात हे खरे, पण वरचा भरीव पट्टा अजून काही वर्षे तरी 'दस्त' हाच अर्थ देईल. मोजणी नकाशाला पानच आडवे करा आणि आत एक तिरकस बहुकोन काढा. बाह्याकृती बदलणे हा फरक दाखवण्याचा सर्वांत बळकट मार्ग आहे. तो एकाच प्रकाराला द्या, नकाशाला, कारण नकाशा बाकी सगळ्यांहून वेगळ्या कामासाठी उघडला जातो. इंडेक्स टू ला नुसता मोठा '२'. कुलमुखत्यारपत्र, वारसाचे प्रतिज्ञापत्र, जाहीर नोटीस, पत्रव्यवहार यांना सुरुवातीला वेगळे चिन्ह देऊ नका. आडव्या रेघांचे साधे पान पुरे. आठ-नऊ प्रकारांच्या पुढे गेलात की लोक चिन्हे पाठ करायला लागतात, आणि पाठ करावे लागणारे चिन्ह दहा दिवसांच्या सुट्टीनंतर विसरले जाते.

रंगाबद्दल बोलतो. मानसशास्त्रज्ञ ॲन ट्राइझमन यांनी १९८० च्या सुमारास दृष्टीवर केलेल्या प्रयोगांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. गर्दीत एकच गुणधर्म वेगळा असलेली वस्तू, म्हणजे हिरव्यांत एक लाल, गर्दी कितीही असली तरी चटकन उठून दिसते. दोन गुणधर्म जुळवून शोधायची वस्तू, म्हणजे लाल चौकोन आणि हिरवे गोल यांत लाल गोल, एकेक तपासत शोधावी लागते. याचा अर्थ रंग हे तुमच्या हातातले सर्वांत महागडे साधन आहे. ते प्रकारांवर उधळून नऊ प्रकारांना नऊ रंग दिले तर कशालाच उठाव राहत नाही. रंग भरवशाच्या प्रश्नाला द्या.

माझ्या मते तीन अवस्था पुरतात. पहिली, शासकीय किंवा नोंदणीकृत प्रत: डिजिटल सहीचा सातबारा, दुय्यम निबंधकांकडची नक्कल. दुसरी, माहितीपुरती प्रत: संकेतस्थळावरून काढलेला बिनसहीचा उतारा, पक्षकाराने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो, झेरॉक्सचा स्कॅन. तिसरी, आपणच तयार केलेला मसुदा. पहिलीला भरीव गडद निळे पान आणि आत पांढरी आकृती. दुसरीला पांढरे पान, निळी कड, निळी आकृती. तिसरीला पांढरे पान आणि तुटक कड. यात खरे तर एकच रंग आहे आणि फरक भरीव, पोकळ, तुटक असा आहे. हे मुद्दाम केले. लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्यांचे प्रमाण उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के आहे. आपल्याकडे ते कमी असले तरी कार्यालयात असा एक जण असणे अगदी शक्य आहे, आणि काळ्या-पांढऱ्या छपाईत तर सगळेच रंगांध. लाल आणि हिरवा टाळण्याचे आणखी एक कारण म्हणजे लाल पान पीडीएफने आणि हिरवे एक्सेलने लोकांच्या मनात केव्हाच बळकावले आहे. एकाच फोल्डरात खऱ्या एक्सेल फायलीही असणार आहेत.

तारीख दाखवण्यासाठी कागद पिवळट किंवा फिकट करत नेण्याची कल्पना आकर्षक वाटते. करू नका. विंडोजमध्ये फिकट आयकॉन म्हणजे लपवलेली किंवा 'कट' केलेली फाईल, आणि हा अर्थ लोकांच्या हाडीमाशी खिळला आहे. शिवाय ३० वर्षांपूर्वीचे खरेदीखत जुने असल्यामुळे कमी महत्त्वाचे होत नाही, हक्काच्या शोधात बऱ्याचदा तेच निर्णायक ठरते. जुनेपणा खुपतो तो सातबारा आणि आठ-अ यांच्या बाबतीत, कारण नोंदणीला आणि बँकेला ताजा उतारा लागतो. म्हणून फक्त या दोघांसाठी, कार्यालयाने ठरवलेली मुदत उलटली की कोपऱ्यात एक छोटी नारिंगी टिकली दाखवा. मुदत मोजताना फाईलची तारीख घेऊ नका. ती स्कॅन केल्याची, कॉपी केल्याची किंवा डाउनलोड केल्याची असते. कागदावरची तारीख नोंदवून घेण्यासाठी एक रकाना ठेवा आणि टिकली दाखवायची की नाही ते त्याच रकान्यावरून ठरवा. रकाना रिकामा असेल तर टिकली दाखवू नका.

टिकलीची जागा उजव्या खालच्या कोपऱ्यात. डाव्या खालच्या कोपऱ्यात शॉर्टकटचा बाण येतो, आणि उजवा वरचा कोपरा दुमडलेला आहे. एका वेळी एकच टिकली. 'मुदत उलटली' आणि 'पान अपुरे स्कॅन झाले' दोन्ही लागू असतील तर ज्यामुळे काम अडेल ती दाखवा, म्हणजे अपुरे पान.

फोल्डरांचा प्रश्न तुम्ही विचारला नव्हता, पण तिथे खूप फायदा आहे. शेकडो प्रकरणांची शेकडो पिवळी फोल्डरे, सगळी एकसारखी. २००४ च्या सिग्ग्राफ या संगणकीय चित्रांवरच्या परिषदेत जे. पी. लुईस आणि सहकाऱ्यांनी 'व्हिज्युअल आयडी' नावाची पद्धत मांडली. फाईलच्या नावावरून संगणकच एक अमूर्त, पण ठळकपणे वेगळी आकृती तयार करतो. आकृतीला स्वतःचा काही अर्थ नाही, तरी ती लक्षात राहते आणि शोधाचा वेळ वाचतो. त्यातला मला पटलेला भाग असा की मिळत्याजुळत्या नावांना मिळत्याजुळत्या आकृत्या येतात. साधे हॅश, म्हणजे नावापासून स्वैर वाटणारा आकडा काढणारे सूत्र, वापरले तर 'गट २१४' आणि 'गट २१४/१' यांच्या आकृत्यांचा एकमेकींशी काहीच संबंध राहत नाही. जमिनीत हा संबंधच महत्त्वाचा असतो, कारण पोटहिस्से मूळ गटातूनच पडलेले असतात. म्हणून गाव आणि मूळ गट यांच्यावरून आकृतीचा सांगाडा ठरवा आणि पोटहिस्स्यावरून त्यात छोटा फेरबदल करा, म्हणजे २१४ ची सगळी भावंडे शेजारी शेजारी ओळखू येतील. इथे रंग मोकळेपणाने वापरा, कारण फोल्डरांना भरवशाचा प्रश्न लागू नाही.

आता एक गंभीर बाब. आयकॉन खोटे बोलू शकतो, आणि लोक त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. विंडोजमधला प्रोग्रॅम स्वतःचा आयकॉन स्वतःमध्येच बाळगतो, त्यामुळे त्याला पीडीएफचे रूप घेणे अगदी सोपे जाते. मे २००० मध्ये जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' हा ई-मेलमधला उपद्रव साध्या मजकुराच्या फाईलचे सोंग घेऊन आला होता. खरे विस्तारनाम, म्हणजे नावातल्या टिंबानंतरची फाईलचा प्रकार सांगणारी अक्षरे, नावाच्या शेवटी होते आणि विंडोज ते लपवत असे. अलीकडे आपल्याकडे लग्नपत्रिका म्हणून मोबाइलवर येणाऱ्या एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपच्या, फायलींचीही तीच युक्ती आहे. तुमच्या प्रणालीत कागदाचे चिन्ह देण्याआधी फाईलचे सुरुवातीचे बाइट तपासा. खरी पीडीएफ टक्क्याचे चिन्ह आणि पीडीएफ ही तीन अक्षरे यांनी सुरू होते. तपासणीत न बसणारी फाईल आत घेऊच नका, आणि घेतलीच तर तिला कागदाचे रूप देऊ नका. निळे भरीव पान तर कोणाच्या तरी डोळ्यांखालून गेल्याशिवाय लागता कामा नये. 'नोंदणीकृत' हा शेरा माणसाने दिलेला असावा, नावात 'सही' हा शब्द आहे म्हणून आपोआप नव्हे.

पूर्वदृश्य तयार करणे म्हणजेही अनोळखी फाईल उघडणेच असते. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा संगणकी किडा विंडोजच्या शॉर्टकट फायलींतील त्रुटीवर स्वार झाला होता. फोल्डरात नुसता आयकॉन दिसला तरी त्याचे काम होत असे. म्हणून पूर्वदृश्ये सर्व्हरवर, वेगळ्या बंदिस्त प्रक्रियेत तयार करा. आणि आधार, पॅन, बँकेचे पासबुक यांची पूर्वदृश्ये अजिबात तयार करू नका. समोर बसलेल्या पक्षकाराला टेबलापलीकडून दुसऱ्याच पक्षकाराचा आधार दिसणे ही मोठी चूक आहे, आणि मूळ फाईल काढून टाकल्यावरही पूर्वदृश्याचा साठा मागे राहतो. या कागदांना एकच सामाईक चिन्ह द्या: पानावर माणसाच्या अर्धाकृतीची बाह्यरेषा.

हे सगळे ब्राउझरमधल्या यादीत सहज जमते, कारण तिथे आयकॉन थरांनी रचता येतो: पान, आतली आकृती, टिकली. २०२० च्या बिग सर या आवृत्तीपासून मॅक स्वतःही दस्तऐवजांचे आयकॉन पार्श्वभूमी, मधले चित्र आणि मजकूर अशा भागांतून जोडतो. विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये मात्र आयकॉन विस्तारनामाशी बांधलेला असतो. एकाच विस्तारनामाच्या दोन फायलींना दोन रूपे द्यायची तर शेल एक्स्टेंशन, म्हणजे एक्सप्लोररला जोडायचा खास प्रोग्रॅम, लिहावे लागते. कोपऱ्यातल्या खुणांसाठी विंडोज एकूण १५ च जागा देते, त्यातल्या काही स्वतः वापरते आणि उरलेल्यांसाठी ड्रॉपबॉक्ससारखी सॉफ्टवेअर भांडतात. छोट्या कार्यालयाने त्या वाटेला जाऊ नये. ज्यांना एक्सप्लोररमध्येच काम करायचे आहे त्यांनी प्रकारनिहाय उपफोल्डरे करून 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' या फोल्डरच्या सेटिंगच्या फायलीमधून प्रत्येक फोल्डरला आयकॉन द्यावा. फायलींची नावे गट, प्रकार, तारीख या क्रमाने आणि तारखेत वर्ष आधी. नावात तिरपी रेघ चालत नाही, म्हणून ७-१२ असे लिहा आणि सगळीकडे तसेच.

चाचणीशिवाय संच लावू नका. १९८१ मध्ये झेरॉक्स स्टार हा संगणक बाजारात येण्याआधी त्याच्या आयकॉनांचे चार वेगवेगळे संच काढून लोकांवर तपासले होते, आणि त्यातून डिझायनर नॉर्मन कॉक्स यांचा संच निवडला गेला. तुम्हाला एवढे करायला नको. खऱ्या प्रकरणातल्या चाळीस फायलींची यादी १६ च्या आकारात, नावे झाकून, कारकुनाला दाखवा आणि 'फेरफार दाखवा', 'सहीचा सातबारा दाखवा' असे विचारत जा. किती बरोबर आले यापेक्षा कुठल्या दोन चिन्हांत गल्लत झाली ते लिहून ठेवा. माझा अंदाज आहे की आठ-अ आणि साधे पान यांची गल्लत होईल, दोन्हींत आडव्या रेघा आहेत म्हणून. तसे झाले तर साध्या पानावरच्या रेघा पुसून ते कोरे ठेवा, आठ-अ ला हात लावू नका. मग तीच यादी काळ्या-पांढऱ्यात छापून पुन्हा विचारा, या वेळी चष्मा लागलेल्या आणि सर्वांत जुना मॉनिटर वापरणाऱ्या सहकाऱ्याला. आधी सातबारा, फेरफार, खरेदीखत आणि नकाशा ही चारच चिन्हे चालू करा. महिनाभराने जे चिन्ह लोक आपणहून मागतील ते पाचवे.